उपरोक्त विषयास अनुसरून

प्रति,
श्री. नंदन सबनीस, भोगवटादार,
पावणे, नवी मुंबई.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून लिहायला बसले
आणि पाहिलं, वर विषयच घातलेला नाही.
राहू दे.

कायदा मालकाला भोगवटादार म्हणतो.
नोकरीच्या पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.
वाटा कुणाचा ते कळलं,
भोग कुणाचे, ते कलमांत शोधत राहिले.

गेटवरच्या बोर्डावर काल सकाळी ३८८ होते,
अपघाताविना गेलेले दिवस.
पाट्या हासूराम बदलतो, झाडू मारायच्या आधी,
देवावरची शिळी फुलं काढावीत तसा.
बॉयलर आहे तिथे त्याच्या बापाचं भात होतं.
रोज नाल्याकडे बघून येतो आणि सांगतो,
"मॅडम, आज निळा."
मी वहीत लिहिते : पीएच सात.

सातच येणार.
सांडपाण्यात सोडायचा सेन्सर
आपण वीस लिटरच्या जारमध्ये बुडवून ठेवलाय, विकतच्या पाण्यात.
दर पंधरा मिनिटांनी मंडळाला कळतं
की पावण्यात सगळं निर्मळ आहे.
त्या जारवर 'पिऊ नये' ही चिठ्ठी माझ्या अक्षरातली.
कंत्राटी पोरं प्यायची म्हणून.

रामसजीवन निषाद गाळ काढायला टाकीत उतरला
तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.
कमरेला पट्टा नव्हता. हवा कुणी तपासली नव्हती.
तोंडाशी थांबायचा माणूस चहा आणायला गेलेला.
परमिटवर मात्र सगळं जागच्या जागी,
तपासणी केली, पट्टा आहे, पहारा आहे,
आणि खाली सही, माझी.

सही खरी आहे, साहेब.
शुक्रवारी भाचीच्या साखरपुड्याला निघताना
वीस कोऱ्या परमिटांवर करून ठेवली होती,
पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावत जावं
तशी, भराभर, गप्पा मारत.

सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर पळा,
वास यायचा थांबला तर वायू गेला असं समजू नका,
नाक गेलेलं असतं.
हे चार मार्चला मीच शिकवते, शपथेनंतर, हिंदीत.
तो मागच्या रांगेत होता.
बिल्ले त्याच्यापर्यंत पोचले नाहीत.

हासूराम आत उतरला नाही, म्हणून आज दोघं आहेत.
बांबूला आकडा बांधला, कॉलरीत अडकवला
आणि बिळातली चिंबोरी काढावी तसा
ओढून काढला माणूस.
इतकी वर्षं आकडे लावायचंच काम केलंय, म्हणाला,
आणि मग जिन्यावर बसून राहिला, बराच वेळ.

वाशीच्या इस्पितळात रात्री दोनला डोळे उघडले.
पहिलं वाक्य, "हाजिरी लगी क्या?"
काय सांगू?
कंत्राटदाराच्या वहीत नावंच नाहीत.
'मजूर, ४ नग' असं लिहिलंय.

तुमचा फोन सकाळी आला.
प्रथमोपचाराची किरकोळ केस दाखवा,
पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे, ३८९ लावा.

हासूराम बोर्डाखाली उभा होता, हातात नऊची पाटी.
माझ्याकडे बघितलं, आणि न विचारताच स्टोअरमध्ये गेला.
दसऱ्याच्या तोरणांखाली शून्य सापडलं, एकच.
"तिन्ही खिळ्यांवर लागतील का मॅडम?"
म्हटलं, एक पुरे.

जार मी झाडांना ओतला.
सेन्सर जिथे असायला हवा तिथे आहे.
सध्या तीन पूर्णांक एक दाखवतोय,
तुम्हाला मंडळाचा फोन येईल.

सोबत : कोऱ्या परमिटांवरच्या एकोणीस सह्या.
विसावी निरीक्षकांकडे दिली आहे.

आपली विश्वासू,
शर्मिष्ठा गोवारी, सुरक्षा अधिकारी.

(सही नंतर करते. आधी एकदा वाचून घेते.)